चौतीस म्हणजे नक्की किती?

मागच्या रविवारी कपडे वाळत घालत होते. आमच्या घरात (आणि माझी खात्री आहे, तुमच्याही) एक अलिखित नियम आहे. ब्रा दोरीवर टॉवेलच्या खाली वाळते. आम्ही राहतो तळोजा फेज वनमध्ये, सातव्या मजल्यावर. समोर एक अर्धवट बांधलेली बिल्डिंग, पलीकडे डोंगर. बघायला कावळे सोडून कुणी नाही. तरी टॉवेल पाहिजेच. असो.

तर टॉवेल घालता घालता माझ्याच एका नव्या ब्राच्या लेबलकडे लक्ष गेलं. इवल्याशा पट्टीवर तीन आकडे ओळीने छापलेले: ३४, ७५, ९०.

आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले युनिट्सचे घोळ निस्तरणाऱ्या माणसाला असं काही दिसलं, की रविवार गेला म्हणून समजा. ३४ हे इंच असणार. ३४ इंच म्हणजे ८६.४ सेंटिमीटर. मग ७५ कसले? ७५ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम साडेएकोणतीस इंच. आणि ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या जरासं आत. एकच पट्टा, तीन मापं, आणि कुणाचा कुणाशी मेळ नाही. शिलाईच्या डब्यातून टेप काढला आणि पट्टा मोजला. न ताणता २७ इंच, जीव खाऊन ताणला तर ३३. म्हणजे ३४ कुठेच नाही!

आई सोफ्यावरून हे सगळं बघत होती. म्हणाली, "अगं, सुट्टीच्या दिवशी काय हे? चौतीस म्हणजे चौतीस. दुकानात सांगायचं नि घेऊन यायचं."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या आईच्या दोन्ही खांद्यांवर खळगे आहेत. ब्राच्या पट्ट्यांचे. लहानपणी मी तिच्या मांडीवर बसून त्यातून बोट फिरवायचे. मला वाटायचं, मोठ्या बायकांचे खांदे असेच असतात, जसे पायाला भेगा असतात तसे. आईलाही तसंच वाटत होतं. मान-खांदे दुखायचे, बाम चोळला जायचा, आणि "आमचं शरीरच असलं बेढब" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते म्हणीसारखं झालंय. त्यामुळे त्या लेबलाचा पिच्छा पुरवायचा ठरवला. त्याचा हा वृत्तांत.

सुरुवात आज्जीपासून. आईची आई, मिरजेची. तिने जन्मभर नऊवारी नेसली आणि वर पुढे गाठ मारायची चोळी घातली. तिला 'साइज' नव्हती. म्हणजे शरीर होतं, पण त्याला आकडा नव्हता. चोळीचं कापड मोजायचं एकक म्हणजे खण. गुळेदगुड्डचे विणकर (हे गाव आता कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात) कमी पन्ह्याचं काठाचं कापड विणतात, आणि त्यातून एका चोळीपुरता तुकडा म्हणजे एक खण. एक खण, एक चोळी. ओटी भरायची ती खणानारळाने, लेकीची पाठवणी करायची ती साडीचोळी देऊन. पूर्वी घरंदाज बायकांच्या खर्चाला इनाम मिळायचं त्यालासुद्धा 'चोळीबांगडी'साठी म्हणत. म्हणजे व्यवहारात, नात्यात, दप्तरात सगळीकडे चोळी आहे, पण चोळीचा नंबर कुठेही नाही.

कारण नंबराची गरजच नव्हती. चोळी शिवणारा हात आणि चोळी घालणारी बाई एकमेकांच्या ओळखीचे. आणि जे काही कमीजास्त असेल ते गाठ सांभाळून घेई. बाळंतपणात गाठ सैल, उन्हाळ्यात सैल, शेतात कामाला जाताना घट्ट. रोज सकाळी बाई स्वतःच्या शरीराचं माप नव्याने घेत होती म्हणा ना. (चोळीचे दिवस सुखाचे होते असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. वजनदार बाईला त्या गाठीने कितपत आधार मिळत असेल, शंकाच आहे. मी फक्त मापाबद्दल बोलतेय.)

मग पोलकं आलं, ब्लाऊज आला आणि त्याच्या आत 'बॉडी' आली. आज्जीच्या पिढीतल्या शहरी बायका ब्राला बॉडीच म्हणायच्या. मांजरपाटाची, घरी शिवलेली, पुढे बटणं. मला वाटायचं हा आपल्याकडचा गावठी शब्द. शोधलं तर भलतंच निघालं. बॉडी आला इंग्रजी 'बॉडिस'वरून, आणि इंग्रजांचा 'बॉडिस' हा मुळात 'बॉडीज', म्हणजे 'बॉडी'चं अनेकवचन. जुन्या इंग्रजीत ह्या कपड्याला 'पेअर ऑफ बॉडीज' म्हणत, तेच पुढे झिजून बॉडिस झालं. म्हणजे आमच्या आज्ज्यांनी नकळत तो शब्द परत मुळावर नेऊन ठेवला. उलट 'ब्रेसियर' हा मूळचा फ्रेंच शब्द असला, तरी फ्रेंच बायका ह्या कपड्याला ब्रेसियर म्हणतच नाहीत!

आता आकड्यांकडे. ब्राचा इतिहास म्हटला की न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब हिचं नाव येतं. तिने दोन रुमाल आणि रिबिनी जोडून एक सुटसुटीत प्रकार बनवला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळवलं. पुढे ते वॉर्नर कंपनीला १,५०० डॉलरला विकलं. पण गंमत अशी, की त्या मूळ डिझाइनमध्येही मापाची भानगड फारशी नव्हती. पट्ट्या मागे नेऊन, फिरवून पुढे बांधायच्या. गाठच की!

भानगड सुरू झाली ती कारखान्यात. शिवणारी बाई एका गावात, घालणारी दुसऱ्या खंडात, दोघींची भेट कधीच होणार नाही. मधे दुकानदार, त्याच्याकडे खोक्यांची चळत, आणि त्यातलं कुठलं खोकं काढायचं हे सांगायला एक आकडा. सुरुवातीला इतर कपड्यांसारखाच छातीचा पूर्ण घेर इंचात, बस्स. पण ३६ इंच छातीच्या दोन बायका सारख्या नसतात. एकीची पाठ रुंद, दुसरीचे स्तन मोठे. एका आकड्यात दोन माहित्या कोंबल्या की काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १९३२ मध्ये एस. एच. कॅम्प अँड कंपनी ह्या अमेरिकन कंपनीने पहिल्यांदा आकाराला ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली. १९३७ मध्ये वॉर्नरने ती आपल्या ब्रांना लावली. आता पॅरामीटर दोन झाले: पट्ट्याला आकडा, कपाला अक्षर.

मग पट्ट्याचा आकडा सरळ स्तनांखालच्या घेराचा ठेवायचा ना? तर नाही. ३२, ३४, ३६ हे आकडे लोकांच्या डोक्यात छातीचे म्हणून बसले होते. म्हणून युक्ती निघाली: स्तनांच्या खालचा घेर मोजा आणि त्यात चार मिळवा. बेरीज विषम येत असेल तर पाच. चार-पाच इंच मिळवले की काखेखालून, स्तनांच्या वरून जाणाऱ्या घेराच्या आसपासचा आकडा येतो, आणि जुने नंबर चालू राहतात. शुद्ध बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी! शिवाय तेव्हा पट्टे मुख्यतः न ताणणाऱ्या कापडाचे, श्वास घ्यायला जागा हवीच, त्यामुळे ढिला आकडा फारसा कुणाला खुपला नाही.

१९५८ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्सने नवा ताणणारा धागा तयार केला. तोच आपला लायक्रा. पट्टा लवचिक झाला, अंगाला घट्ट बसून भार पेलू लागला. मूळ अडचण गेली, पण 'अधिक चार' तसंच राहिलं. कोडमध्ये असं एखादं फंक्शन असतं बघा, का आहे कुणाला माहीत नाही, पण काढायची कुणाची हिंमत नाही. तसं.

आणि आता माझं लेबल उलगडलं. ७५ हा युरोपचा सरळ आकडा: स्तनांखालचा घेर ७५ सेंटिमीटर, म्हणजे साडेएकोणतीस इंच. त्यात साडेचार मिळवले की ३४. फ्रान्सवाले ७५ मध्ये १५ मिळवून ९० लिहितात. तिन्ही आकडे एकाच बाईचे, फक्त प्रत्येकाची बेरीज वेगळी. ह्यावर कडी म्हणजे, आता बऱ्याच कंपन्या काहीच मिळवत नाहीत. त्यांच्या तक्त्यात खालचा घेर ३४ असेल तर साइज ३४. म्हणजे एका कंपनीची चौतीस ही साडेएकोणतीस इंचवालीसाठी, आणि दुसरीची चौतीस ही चौतीस इंचवालीसाठी. आणि आपण दुकानात जाऊन ठणकावून सांगतो, "चौतीस द्या".

सगळ्याच बायकांच्या कपड्यांच्या नंबरांची कहाणी थोडीफार अशीच आहे. अमेरिकन सरकारने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. पुढच्या प्रमाणित साइजेसचा पाया म्हणजे ही मापं, आणि त्यातून गोऱ्या नसलेल्या बायकांची आकडेवारी वगळली होती. भारतीय शरीरांचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून 'इंडियासाइज' प्रकल्प हाती घेतला गेला तो थेट २०१८-१९ च्या सुमारास. मुंबईसह सहा शहरांतल्या २५,००० स्त्रीपुरुषांचं थ्रीडी स्कॅनिंग हे उद्दिष्ट, आणि काम निफ्टकडे. त्यांचं मुंबईचं कॅम्पस आमच्या शेजारी खारघरला. पेंधरला मेट्रोत बसलं की थोड्या वेळात खारघर.

पण आईचे खळगे काही नुसत्या 'अधिक चार'ने पडलेले नव्हते. रविवारी दुपारी तिला (बऱ्याच विनवण्यांनंतर, दार लावून, पडदे ओढून) मोजलं. तुम्हीही घरी मोजू शकता. पद्धत अशी:

१. साधा, मऊ टेप घ्या. पॅड नसलेली पातळ ब्रा घालून किंवा काहीच न घालता आरशासमोर उभ्या राहा. आरसा ह्यासाठी, की टेप पाठीमागे वर चढत नाही ना, ते दिसावं.

२. स्तनांच्या बरोब्बर खाली टेप गुंडाळा. श्वास सोडा आणि टेप घट्ट धरा. हा पट्ट्याचा आकडा. ह्यात काहीही मिळवू नका.

३. आता सगळ्यात भरलेल्या भागावरून घेर घ्या. इथे टेप नुसता टेकवायचा, आवळायचा नाही. स्तन ओघळलेले असतील तर कमरेतून पुढे वाकून पुन्हा घ्या आणि दोन्हींची सरासरी धरा.

४. दुसऱ्यातून पहिला वजा करा. एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी, पाचला डीडी. अक्षर म्हणजे फरक, बाकी काही नाही. 'डी म्हणजे भलतंच मोठं' हा समज ह्यामुळेच खोटा. ३०डी आणि ३४बी ह्यांच्या कपात मावतं साधारण तेवढंच. पट्टा एक नंबर खाली आला की अक्षर एक वर जातं.

आईचं निघालं: खाली ३२, वर ३७. फरक पाच. म्हणजे ३२डीडी. आणि आई गेली कित्येक वर्षं काय घालत होती? ३८बी.

मी कागदावर मांडून बघितलं. ३८बी, ३६सी, ३४डी, ३२डीडी. चारही कप एकाच मापाचे! म्हणजे कप चुकला नव्हता. पट्टा तीन नंबर मोठा होता. हे कसं झालं ते आईनेच सांगितलं. लग्नाच्या वेळी चौतीस. माझ्या जन्मानंतर कप आवळायला लागले, म्हणून दुकानात सांगितलं, "एक नंबर मोठा द्या." मग पुन्हा एक. दुकानात फक्त बी कपच असायचे. काउंटरमागे एक पुरुष, आजूबाजूला गिऱ्हाइकं, ट्रायल रूमचं तर नावच नको. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं पटकन पिशवीत टाकायचं आणि निघायचं. अशात सी किंवा डी मागणार कोण, आणि ते असतं हे सांगणार कोण? आईला हवा होता मोठा कप. तिला मिळत गेला मोठा पट्टा.

पट्टा ढिला, म्हणून तो पाठीवर वर चढणार. पट्टा भार घेत नाही, म्हणून खांद्यावरच्या पट्ट्या शेवटपर्यंत आवळायच्या. म्हणून खळगे. इतकं सरळ आहे हे. आणि ह्याला ती चाळीस वर्षं आपल्या शरीराचा दोष समजत आली.

'दहातल्या आठ बायका चुकीच्या मापाची ब्रा घालतात' हे वाक्य तुम्ही जाहिरातीत वाचलं असेल. ह्यासाठी २००८ च्या एका अभ्यासाचा हवाला देतात, त्यात तरुणी होत्या फक्त ३०. त्यामुळे तो आकडा जगाला लावू नका. पण टेपवरही आंधळा विश्वास नको. ब्रिटनच्या पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ४५ बायकांवर तपासलं, तर जुन्या पद्धतीच्या मापाने ७६ टक्के जणींचा पट्टा गरजेपेक्षा मोठा आला आणि ८४ टक्के जणींचा कप लहान. माझ्या आईचीच गोष्ट, आकड्यांत. त्यांचा सल्ला असा, की घालून बघून ठरवा.

तर घालून बघताना एवढं पाहा. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर लावून घट्ट बसली पाहिजे. पुढे पट्टा ताणला की आतले हुक कामाला येतात, त्यासाठीच ते तीन असतात. (कमीजास्त करता येणाऱ्या कपड्याच्या पट्टीचं एक पेटंट १८७१ मध्ये चक्क मार्क ट्वेनने घेतलं होतं. त्याच्या डोक्यात होते पुरुषांचे कपडे, ते सोडा.) पट्टा पुढून-मागून एका पातळीत, त्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. दोन कपांमधला भाग छातीला टेकलेला. कपाच्या वरून काही उतू जात नाही, आत चुण्या नाहीत. खांद्याच्या पट्ट्या खाली सोडून बघा, ब्रा जागच्या जागी राहिली तर पट्टा बरोबर.

३२डीडी आमच्या इथल्या दुकानांत मिळाली नाही, हे सांगायला नकोच. घरी मागवली. २०११ मध्ये रिचा कार ह्या इंजिनिअर बाईने बंगलोरमध्ये झिवामे सुरू केलं, तेव्हा अंतर्वस्त्रं ऑनलाइन कोण घेणार म्हणून लोक हसले असतील. मला वाटतं, माझ्या आईसारख्या बायकांनीच घेतली असणार. कुणाला तोंडाने 'डी' म्हणावं लागत नाही ना. चार प्रकार मागवले, तीन परत केले. शेवटी बसली ती एका कंपनीची ३४डी. ३२ नव्हे. कारण त्या कंपनीचा तक्ता वेगळा! आता ह्यावर मी चिडत नाही.

मान दुखायची थांबली वगैरे चमत्कार झालेला नाही, दोनच आठवडे झालेत. खळगेही आहेत तसेच आहेत. आई मात्र आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "अगं, पण आता माझा एकही ब्लाऊज बसायचा नाही."

खरंच की. ब्लाऊज सगळे जुन्या ब्रावर बेतलेले, मापाचा ब्लाऊजही तोच. संध्याकाळी आठ ब्लाऊज पिशवीत भरून आम्ही खालच्या टेलरबाईंकडे गेलो. त्यांनी एक उलटा केला, शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "काळजी करू नका काकू, माया ठेवलीय आत."

शिवणीच्या आत जास्तीचं सोडलेलं कापड, त्याला शिंप्याच्या भाषेत माया म्हणतात. लहानपणापासून ऐकलेला शब्द आहे, पण त्या दिवशी जरा वेगळाच ऐकू आला. तयार कपड्याच्या आत बघा कधी, नसते.

आता आईचा फोन चालू आहे, मावशीशी. "टेप आहे का गं घरी?" एवढंच ऐकलं. पुढच्या रविवारी मिरज, असं दिसतंय.